आजीचं गोंदण एआयने पुसलं, आता काय करू?

पत्र थोडं कापून देतेय, घराची ओळख पटेल असं सगळं काढलंय:

"ताई, नाशिकच्या सिडकोत माझा छोटा स्टुडिओ आहे, मी आणि एक पोरगा, बस. यंदा मे महिन्यात निफाडकडचं एक लग्न केलं. १४०० फोटो निघाले. एआय रिटचिंगचं सॉफ्टवेअर नवीनच घेतलेलं, एका रात्रीत सगळे फोटो त्यातून काढले, अल्बम वेळेच्या आधी दिला, म्हटलं जिंकलो. चार दिवसांनी नवरीचा फोन. तिच्या आजीने अल्बम बघितला आणि स्वतःच्याच फोटोवर बोट ठेवून विचारलं, ही कोण? आजीच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण सगळ्या फोटोंतून गायब, सुरकुत्या पण निम्म्या. मी बघितलंच नव्हतं, खरं सांगतो. काम नवरीकडच्यांनी दिलेलं, त्यांचे पैसे बाकी आहेत, आता मागायला तोंड नाही. आणि इकडे नवरदेवाच्या आईंचा मेसेज, की आमचा मुलगा छान आलाय, फ्रेमसाठी सुनेला जरा अजून उजळ करून द्या. काय करू? हे सॉफ्टवेअरच बंद करून टाकू का?"

अरे बाबा, सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी नवरीला फोन कर. आजच, आणि फोनच, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला इमोजी नाही. आणि त्या फोनवर "एआयमुळे झालं" हे वाक्य चुकूनसुद्धा काढू नको, कारण लग्न तिने तुला दिलं होतं, सॉफ्टवेअरला नाही. "माझं बघायचं राहिलं, आजींचे सगळे फोटो पुन्हा नीट करतो आणि स्वतः घेऊन येतो" एवढंच बोल आणि गप्प बस, ती जे बोलेल ते ऐकून घे. पैशाचा विषय त्या फोनवर नकोच. तू नवीन फोटो घेऊन दारात उभा राहिलास ना, की तो विषय तेच काढतील, माझा तरी आजवरचा अनुभव असाच आहे.

रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल्स, आहेत ना तुझ्याकडे? पत्रात लिहिलं नाहीस म्हणून विचारते. असतील तर निम्मं टेन्शन गेलं, कारण रॉला ही सॉफ्टवेअरं हात लावत नाहीत, काय काय बदललं ते बाजूला लिहून ठेवतात आणि एक्स्पोर्ट मारला की जेपीजीत ते कायमचं बसतं. म्हणजे आजीचं गोंदण तुझ्या हार्ड डिस्कवर सुखरूप आहे, फक्त अल्बममधून गेलंय. (आणि कार्ड फॉरमॅट मारून रॉ उडवले असतील तर मला सांगू नकोस, मी ओरडेन.)

आता तुला एक माझी गोष्ट सांगते म्हणजे तुला वाटणार नाही की हे फक्त तुझ्याच बाबतीत झालंय. मी १९८६ ला मेनरोडजवळच्या एका स्टुडिओत रिटचिंगला लागले, तेव्हा हे सगळं पेन्सिलने चालायचं. तिरकं लाकडी टेबल, मधे दुधी काच, खाली आरसा, खिडकीचा उजेड आरशावरून काचेवर यायचा आणि काचेवर निगेटिव्ह. शिसं पॉलिश पेपरवर घासून घासून सुईसारखं लांब करायचं, निगेटिव्हच्या मॅट बाजूला एक चिकटसर द्रव चोळायचा म्हणजे पेन्सिल धरते, आणि मग बारीक बारीक स्वल्पविराम काढल्यासारखं भरत जायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो, तो पेन्सिलने भरला की प्रिंटवर डाग गेला. यातली खरी मेख अशी की काळं काढणं सोपं होतं आणि काळं घालणं महाकठीण, कारण त्यासाठी निगेटिव्ह ब्लेडने खरवडायला लागायची आणि हात जरा जड पडला की निगेटिव्ह गेलीच. म्हणून तर जुन्या स्टुडिओंच्या फोटोंत सगळे एवढे गोरेगोमटे आणि गुळगुळीत असतात, आपले आजोबा काही दूध-साय खाऊन तसे झालेले नव्हते.

तर पहिल्याच वर्षी एका मुलीचा दाखवायचा फोटो आला. तिच्या हनुवटीवर डाव्या बाजूला चांगला मोठा तीळ. मला वाटलं डाग आहे, मी मन लावून भरला, कुठेही खूण दिसणार नाही इतका सुंदर भरला. फोटो मालेगावला गेला, पाहुणे मुलगी बघायला आले आणि मुलाच्या मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, फोटोत तीळ नव्हता, हीच का ती मुलगी? मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले. ओरडले पण नाहीत, फक्त फोटो काउंटरवर ठेवला. मला आजपण तो फोटो ठेवलेला हात आठवतो, शेतातल्या मातीने नखं काळी झालेली.

आमचे मास्तर त्या दिवशी एकच बोलले, पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते काढ, बाकी सगळं विचारून. म्हणजे पुटकुळी, डास चावलेला, दाढी करताना कापलेलं, ताप येऊन गेल्यावर ओठावर उठलेला फोड, हे काढलं तर कुणाचीच तक्रार नाही. तीळ, जुना व्रण, देवीचे व्रण, गोंदण, याला हात लावायच्या आधी तोंड उघडायचं. मी आजपर्यंत याच्या पलीकडे काही शिकले नाही असं म्हटलं तरी चालेल.

आता तुझ्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम हाच आहे की त्याला पंधरा दिवस आणि पंच्याहत्तर वर्षं यातला फरक कळायला मार्ग नाही. त्याला ढीगभर चेहऱ्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवून शिकवलेलं असतं, की आजूबाजूच्या कातडीपेक्षा वेगळा रंग असलेला छोटा ठिपका दिसला की तो डाग, तो काढ. गोंदण म्हणजे काय, कातडीवर वेगळ्या रंगाचे छोटे ठिपकेच की. वणीच्या जत्रेत नाहीतर कुठल्या बाजारात लहानपणी मांडी घालून बसवून, रडत रडत टोचून घेतलेलं असेल त्या माउलीने, सोनं इथेच राहतं आणि गोंदण तेवढं सोबत येतं असं ऐकत मोठी झालेली ती पिढी, आणि तुझ्या कॉम्प्युटरने ते पापणी लवायच्या आत पिंपल म्हणून साफ केलं! ती "ही कोण" म्हणाली ते मला तरी अगदी बरोबर वाटलं.

गोंदणच नाही, आपल्याकडच्या लग्नात असल्या फसव्या जागा जागोजागी असतात. बारीक टिकली उडते. हळदीचे शिंतोडे त्याला डाग वाटतात, आणि वर ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारं सेटिंग, मारला की हळदीच्या फोटोतली हळदच जाते, नवरी आजारी असल्यासारखी राखाडी दिसते. मुंडावळ्या गालावरून लोंबत असतात तिथे कातडी गुळगुळीत करताना मोत्यांच्या कडा विरघळतात. नथीचं तर विचारूच नको, नथीची ओठावर पडलेली सावली काढायला जातं आणि एखादा मोती घेऊन येतं. तुझ्या अल्बममध्ये पण झालं असणार हे, फक्त अजून कोणी बोट ठेवलेलं नाही, तेव्हा आजींचे फोटो पुन्हा उघडतोच आहेस तर नवरीच्या नथीचे मोती पण मोजून घे.

मग बंद करायचं का, तर नाही रे. मी स्वतः वापरते. चष्म्याच्या काचेवरची चमक, कपाळावर आलेले भुरभुरीत केस, घामाचा तेलकटपणा, शालूच्या चुण्या, मागे भिंतीवरचा लटकता वायरचा गुंता, यात ते माझ्यापेक्षा हजारपट बरं आणि न कंटाळता काम करतं. पेन्सिलने डोळे घालवलेल्या बाईला विचार त्याची किंमत. चुकलं ते तुझं १४०० फोटो एकाच सेटिंगवर रात्रीत ढकलणं. तुला माहितीये, करिझ्मा अल्बममध्ये, म्हणजे जाड पानांवर थेट छापतात त्या अल्बममध्ये, ओढूनताणून दीडदोनशे फोटो जातात. मग आधी घरच्यांकडून सिलेक्शन घे, तेवढ्यांवरच रिटचिंग चालव आणि बाकीच्यांना नुसतं रंग-उजेडाचं करून पेन ड्राइव्हमध्ये दे. एक्स्पोर्टमागे क्रेडिट कापणारं सॉफ्टवेअर असेल तर पैसे पण वाचतील, आणि दोनशे फोटो माणूस एका दुपारी डोळ्यांनी तपासू शकतो, चौदाशे नाही.

सेटिंगचं म्हणशील तर स्मूथिंगचा स्लायडर मी २०-२५ च्या वर नेत नाही, साठीच्या पुढच्या माणसांना तर शून्यच. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बाई, पुरुष, लहान मूल असं वेगवेगळं सेटिंग लावता येतं, काहींत तीळ ठेवायचा की काढायचा याचं वेगळं बटण असतं, तुझ्यात आहे का ते शोध, आणि असलं तरी त्याच्या भरवशावर झोपू नको. फोटोशॉपमध्ये घेऊन काम करत असशील तर रिटच केलेलं वेगळ्या लेयरवर ठेव, मास्क लाव आणि काळ्या ब्रशने गोंदणावरून फिरव, खालचं खरं वर येतं, एका फोटोला मिनिटभर लागत नाही. आजींचे किती फोटो असतील, वीस? पंचवीस? चहा थंड व्हायच्या आत होतील. कातडी गुळगुळीत करायची तर रंग आणि पोत वेगळे कर, रंगाचे चट्टे सारखे कर आणि पोताला, म्हणजे छिद्रं-लव-बारीक रेषा याला, हात लावू नको, चेहरा मेणाचा होतो तो पोत मारला की होतो.

अल्बमच्या शीट एकमेकींना पाठीला पाठ चिकटवलेल्या असतात म्हणून मधलीच बदलणं अवघड जातं, लॅबवाल्याशी बोल, बाइंडिंग उलगडून होत असेल तर ठीक नाहीतर पूर्ण अल्बम नव्याने कर. खर्च तुझा. लागेल, पण निफाडच्या त्या घरातून पुढची चार लग्नं येतात की नाही येत हे याच्यावरच ठरणार आहे.

आणखी एक जागा तपास, तू लिहिलं नाहीस पण मला शंका आहे. लग्नातला तो मोठा ग्रुप फोटो, तीन रांगा, चाळीस माणसं, मागच्या रांगेतले मामा-काका शेंगदाण्याएवढे. त्यावर एन्हान्स की फेस रिस्टोअर असं काही मारलंयस का? कारण ते प्रकरण फार वेगळं आहे बघ. डाग काढताना सॉफ्टवेअर असलेलं काहीतरी पुसतं, इथे ते नसलेलं बनवतं. एवढ्याशा चेहऱ्यात डोळ्याची माहितीच नसते, मग ते आपल्या शिकलेल्या चेहऱ्यांतून बरा बसेल असा डोळा आणून बसवतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं पल्स नावाचं असंच एक मॉडेल आलं होतं, त्याला लोकांनी बराक ओबामांचा ठोकळे-ठोकळे झालेला फोटो दिला तर त्याने एक स्वच्छ, धारदार, गोरा माणूस काढून दिला! ओबामांना जगातला कोणीही ओळखतो म्हणून चूक कळली, तुझ्या मागच्या रांगेतल्या दिंडोरीच्या मामांना कोण ओळखणार, त्यांच्या बायकोशिवाय? त्या फोटोत माणूस धूसर राहिला तरी चालेल, दुसराच नको व्हायला.

आता सासूबाईंचा मेसेज. मला माहितीये की यात तुझी खरी पंचाईत आहे, कारण आजीच्या फोटोंतली चूक दुरुस्त करता येते पण इकडे कोणीतरी तुला मुद्दाम चूक करायला सांगतंय आणि वर कौतुक पण करतंय.

रंगाचं हे दुखणं सॉफ्टवेअरने आणलेलं नाही, मी पेन्सिलचं सांगितलंच. पुढे कलर लॅब आल्या तेव्हा पण तेच, कोडॅक लॅबवाल्यांना रंग जुळवायला जे कार्ड पाठवायचं त्याला शर्ली कार्ड म्हणायचे, त्यावरच्या पहिल्या मॉडेलच्या नावावरून, आणि त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा, तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. आपली माणसं त्या मापाने छापली जायची. आणि आता कॉम्प्युटरवर पण फार वेगळं नाही, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या जॉय बुओलामविनी आणि त्यांच्या सहकारी संशोधक टिमनिट गेब्रू यांनी चेहरा बघून बाई की पुरुष हे ओळखणारे तीन कंपन्यांचे प्रोग्रॅम तपासले होते तर सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली आणि गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत एक टक्कासुद्धा नाही. तेव्हा "स्किन टोन" नावाचा स्लायडर उजवीकडे सरकवशील तेव्हा तो कुणाचं माप धरून बसलाय याचा विचार कर. गोरेपणाच्या क्रीमवाल्यांनीसुद्धा २०२० मध्ये नावातलं फेअर काढून टाकलं रे, आपण फोटोवाले अजून तिथेच घुटमळतोय.

पण सासूबाईंना हे भाषण देऊ नको, त्याने तुझं काम जाईल आणि त्या दुसरीकडून करून घेतील. तू असं कर, तो फोटो नीट बघ. मे महिना, दुपारचा मुहूर्त, वर मांडवाचं रंगीत कापड, म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर त्या कापडाचा रंग उतरलेला असणार आणि डोळ्यांखाली सावली. हा रंग तिचा नाहीच, मांडवाचा आहे, तो काढ. सावली थोडी उचल, डोळ्यांत जरा उजेड आण. एवढ्यानेच चेहरा असा काही खुलतो की दहातल्या आठ जणी "झालं, हेच हवं होतं" म्हणतात. मग फोटो पाठवताना लिही, "काकू, मांडवाची सावली काढली, आता वहिनींचा स्वतःचा रंग छान उठलाय." फोटो सासूबाईंना पाठवायच्या आधी नवरीला पाठव, चेहरा तिचा आहे आणि तू तिच्या माहेरचा फोटोग्राफर आहेस. ती हो म्हणाली की पुढे जाऊ दे.

आणि काकू तरी अडून बसल्या, अजून गोरी करा म्हणाल्या, तर सरळ सांग की नुसता चेहरा उजळला तर मान, कान आणि मेंदीचे हात वेगळे दिसतात, फ्रेम भिंतीवर लागली की येणाराजाणारा तेच बघेल. हे खरं पण आहे. तुझ्या अल्बममधल्या नवरदेवाचा कान आणि गाल एका रंगाचे आहेत का ते बघ जरा, मला खात्री आहे नसणार.

जाता जाता, स्टुडिओ आहे म्हणजे पासपोर्ट साइजचं काम पण करतच असशील. त्या फोटोंना हे सॉफ्टवेअर लावूच नको, पुटकुळीसुद्धा राहू दे. पासपोर्टच्या फोटोला एडिटिंग चालत नाही, माणसाचा चेहरा मशीनला जुळवायचा असतो, आणि फोटो नाकारला गेला की गिऱ्हाईक चारशे शिव्या देत तुझ्याकडेच परत येतं.

पुढच्या लग्नापासून ऑर्डर घेतानाच एक प्रश्न विचारायची सवय लाव, घरात कोणाच्या चेहऱ्यावरचं काय तसंच ठेवायचंय? लोक आधी हसतात, मग कोणीतरी हळूच सांगतं की पप्पांच्या भुवईवरची खोक राहू दे, ते लहानपणी गोदावरीत उडी मारताना लागलेलं आहे. आणि कधी उलटं पण येतं, एक मुलगी मला म्हणाली होती की गालावरचा भाजल्याचा डाग काढाच, मला तो फोटोत नको. काढला. तिचा डाग, तिची मर्जी.

आणि निफाडला फोटो द्यायला जाशील तेव्हा कॅमेरा सोबत ने. सकाळी नऊच्या आत पोच, ऊन तिरकं असतं तोवर, आणि आजी तयार असतील तर त्यांना ओट्यावर बसव, तोंड उजेडाकडे पण उन्हात नाही. फ्लॅश लावू नको, जुनं गोंदण हिरवट पडलेलं असतं ते फ्लॅशच्या चमकेत उडतं, तुझ्या सॉफ्टवेअरच्या आधीच. जवळ जा, फोकस डोळ्यावर. ८ बाय १२ ची प्रिंट काढ, मॅट पेपरवर, ग्लॉसीवर घरातल्या ट्यूबलाइटचा पट्टा नेमका कपाळावर येतो. त्याचे पैसे लावू नको.